वद्य पक्षात बटाटे

वाईहून नणंद दर दिवाळीला पंचांग पाठवते
हळदीच्या पुडीला गुंडाळून,
म्हणून त्याचा पौष-माघ कायम पिवळा.
मी ते शेडमध्ये खिळ्याला टांगते,
जुनी पंचांगं खाली, बियांच्या पाकिटांच्या डब्यात.

हॅलिफॅक्सच्या या उतारावर
माझी जागा सत्तावीस नंबर, ऑल्डरॉइडची अठ्ठावीस.
मध्ये गूजबेरीची काटेरी ओळ.
ती कोणाची ते ठरलेलं नाही,
जो आधी पोचेल त्याची.

पंचांगातल्या वेळा तिकडच्या.
हिवाळ्यात साडेपाच तास वजा, उन्हाळ्यात साडेचार;
घड्याळं बदलतात त्या रविवारी मी हमखास चुकते
आणि प्रतिपदा समजून
अमावास्येतच मेथी टाकते.
उगवते तीही.
गोगलगायी तिथी पाळत नाहीत,
एका रात्रीत दोन्ही पक्ष सारखे करतात.

ऑल्डरॉइडचा नियम तोंडपाठ:
जमिनीवर येणारं, चंद्र वाढताना,
जमिनीत राहणारं, चंद्र उतरताना.
वाटाणा, घेवडा शुद्धात; बीट, गाजर वद्यात.
मग लीकचं काय, मी विचारलं,
अर्धा वर, अर्धा खाली?
त्यानं टोपी मागे सारली, बराच वेळ ढगांकडे पाहिलं.
लीक, म्हणाला, स्वतःच्या मर्जीनं येतो.

बटाटे तो गुड फ्रायडेला लावतो.
बाप लावायचा. गिरणीला तेव्हाच सुट्टी असे.
एका वर्षी सहज पान उलटलं:
हनुमान जयंती होऊन सहा दिवस.
डब्यातलं मागचं वर्ष काढलं: होळी होऊन पाच
(एक महिना मागे, तो अधिक मासाचा घोळ).
त्याच्या मागचं: हनुमान जयंतीचा दुसराच दिवस.
मी त्याला बोलावलं, बोट ठेवून दाखवलं,
तुमचा शुक्रवारही चंद्रच ठरवतो,
पौर्णिमा उलटवून, बटाट्याला हवा तसा.
देवनागरी त्याला येत नाही,
काळं वर्तुळ, पांढरं वर्तुळ येतं.
हा कोणता देव, त्यानं विचारलं, वाफे खणतो का?
नाही, म्हटलं, हा डोंगरच उचलून आणतो.
त्यानं उताराकडे पाहिलं.
उचलून नेतही असेल, तर पत्ता दे.

या फेब्रुवारीत तो बर्फावर घसरला.
एक्स-रेला त्या रात्री माझीच ड्यूटी.
आधी त्यानं ओळखलंच नाही,
गमबुटांशिवाय त्यानं मला कधी पाहिलं नव्हतं.
पडद्यावर त्याचा खुबा उमटला:
काळोखात पांढरा गोळा,
वरच्या अंगानं झिजलेला, सप्तमी-अष्टमीसारखा.
आम्ही निदान बोलायचं नसतं.
मी पडदा किंचित त्याच्याकडे वळवला.
तो मान उचलून बघत राहिला.
"वाढता की उतरता?"
डॉक्टर सांगतील, मी म्हटलं.
ट्रॉली नेईपर्यंत तो मला ऱ्हुबार्बबद्दल बजावत होता,
बादली उचलायची नाही,
त्याला अंधारच लागतो.

आज गुड फ्रायडे.
त्याच्या शेडच्या खिडकीत, अंड्यांच्या खोक्यांत,
बटाट्यांना जांभळे कोंब आलेत,
माणसानं बोट वर करून काही विचारावं तसे.
पंचांगात पौर्णिमा काल संपली. साडेचार वजा करूनही कालच.
मी आधी त्याचे लावले.
दोन बटाट्यांत एका बुटाचं अंतर, हा त्याचा हिशेब,
पण माझा बूट लहान,
त्याच्या ओळीत पाच जास्त बसले.
तो आला की मोजेल.

पाठीमागे बादलीत काहीतरी कुरकुरलं.
मी उचलली नाही.